निमोनियाचा गॅस

एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागे मी इतकी वर्षं बसले की अजूनही कोणी काही विचारलं तर तोंडातून आधी फलाटाचा नंबर निघतो. उमरेड, भिवापूर, काटोल, रामटेक. गाडी लागली का, गेली का, काहून नाही गेली. खिडकीशेजारी भली मोठी पाटी होती, पाटीवर सगळ्या वेळा होत्या, आणि माणसं त्या पाटीला टेकून पाटीवरचंच मला विचारायची. मी तापट आहे. सासर, माहेर आणि डेपो, तिघांचंही याबाबतीत एकमत आहे. पण कोणाला उत्तर न देता परत पाठवलंय असं कधी झालं नाही. वसकन ओरडून का होईना, सांगितलं. विचारलं की सांगायचं, यात अवघड काय आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून आमच्या घरामागच्या भिंतीपलीकडे काय आहे हे मला कोणी सांगेना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

घर नागपूरच्या गांधीबागेपासून चालत जाण्यासारखं, विणकरांच्या जुन्या वस्तीच्या अगदी टोकाला. सासऱ्यांच्या काळी घरात हातमाग होता. मी लग्न होऊन आले तेव्हा माग निघून गेला होता, मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी टाकली होती आणि त्या फरशीवर सासूबाईंची खाट होती. माझे यजमान कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडायचे. आमच्या परसामागे एक उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे कोल्ड स्टोरेज. वस्तीत त्याला कोल्डिश्टोर म्हणत. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. संत्री, बटाटे आणि मुख्य म्हणजे मिरची तिथं ठेवायला यायची. भिवापूरकडची लाल मिरची पोत्यांनी यायची, ट्रक रिकामे होताना अख्खी गल्ली शिंकायची, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

मी सासूबाईंना बाई म्हणायची. बाईंचं माहेर भिवापूरजवळचं, मिरची पिकवणारं. ट्रक आला की त्या परसात उभ्या राहून नाक वर करून म्हणायच्या, "माह्या गावची आली वं." खोकता खोकता म्हणायच्या, पण चेहरा असा की जणू भाऊ भेटायला आलाय. मिरचीवर त्यांचा जीव होता. ठेचा पाट्यावर वाटायचा तो त्यांनीच, आणि ज्वारीच्या भाकरीवर एवढा गोळा घ्यायच्या की बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं.

खोकला हळूहळू वाढला. ट्रक नसले तरी ठसका यायचा. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा, आणि बाईंना एकदा सुरू झालं की थांबायचंच नाही. छाती धरून खाटेवर वाकायच्या, घामाघूम व्हायच्या. नाक्यावरच्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, बाहेर भिंतीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, मिरचीची ॲलर्जी आहे. मिरची बंद. घरातसुद्धा बंद.

नागपुरातल्या घरात मिरची बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. एका चुलीवर दोन भाज्या कोण करणार? सगळ्यांनाच बंद. पाट्याला मी धुऊन भिंतीला उभं करून ठेवलं. यजमानांच्या सदऱ्याला रोज बाहेरच्या तर्री-पोह्याचा वास यायला लागला. बाई मात्र कुठे जाणार? त्या ताटापुढे बसून वरणाकडे बघत राहायच्या. "गुन्हा मिरचीचा आहे तं शिक्षा मले काहून?" असं एकदा म्हणाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "मिरचीत जन्मली, मिरचीनंच जाईन." त्यांचा डॉक्टरवर विश्वास होता. मिरचीवर मात्र त्या मनातून रुसल्या होत्या, आणि ते मला बघवत नसे.

ठसक्याच्या जोडीला वास होता. तो मिरचीचा नव्हता, हे कोणाच्याही नाकाला कळत होतं. तो मुतारीचा होता. वस्तीनं त्यावर विचार केला आणि निर्णय घेतला की कोणीतरी भिंतीपाशी लघवी करतं. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी लगेच भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून दिलं, 'येथे लघवी करण्यास सक्त मनाई आहे.' अख्ख्या भिंतीवर तेवढीच एक सूचना. आमच्या लोकांनी त्याखाली चुन्यानं देवाचं चित्र काढलं, तरी वास जाईना. मग पुरुषमंडळींनी पाळी लावून पहारा दिला. कोणी सापडलं नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याला मधुमेह होता, त्याला वरचेवर उठावं लागायचं, तर सगळ्यांचा संशय त्याच्यावर. बिचाऱ्यानं शपथा घेतल्या, भांडला, शेवटी वस्तीशी बोलणं टाकलं. साप साप म्हणून भुई धोपटतात तसं आम्ही त्या शिंप्याला धोपटत होतो, आणि साप भिंतीपलीकडे होता.

माझं डोकं ठणकलं ते भर पावसाळ्यात. मिरचीचा हंगाम कधीच संपला होता, गल्लीत महिना-महिना ट्रक फिरकला नव्हता, पाऊस असा की भिंतीवरची लघवी काय, चुन्याचा देवसुद्धा धुऊन गेला होता. आणि तरी संध्याकाळी बाई ठसकायला लागल्या. मी पदर खोचला आणि कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर गेले.

मॅनेजर सभ्य माणूस होता. सभ्य माणसांचाच मला जास्त राग येतो, कारण त्यांच्यावर ओरडता येत नाही. मी विचारलं, "आत काय आहे?"

"मिरची आहे, मॅडम."

"अजून काय आहे?"

"बटाटे आहेत."

"वास कशाचा येतो?"

"आता मिरचीच्या गोदामातून मिरचीचा ठसका नाही येईन तं काय अत्तराचा वास येईन?" तो हसला. "आणि तो दुसरा वास तं तुमच्याच लोकांचा आहे. आम्ही बोर्डबी रंगवून देल्ला."

मी म्हटलं, "पावसाळ्यात कोणती मिरची?"

"साठवलेली," तो म्हणाला. खोटं एकही अक्षर नव्हतं. आत मिरची होतीच.

उत्तर शेवटी माझ्याच खिडकीत आलं. हिवाळ्याचे दिवस होते. अमरावतीकडून आलेल्या गाडीतून एक माणूस उतरला, हातात अवजारांची जड पिशवी, आणि खिडकीशी येऊन विचारू लागला की अमुक कोल्ड स्टोरेजला जायला कोणती सिटी बस? ते आमच्या घरामागचंच कोल्ड स्टोरेज होतं.

"तिथं काय काम आहे तुमचं?" मी विचारलं.

"बस सांगा ना बाई. मले उशीर होऊन राहिला."

"काम सांगा, मग बस सांगते." मागे रांग होती. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. त्यांच्याकडे मी एकदा बघितलं, ते गप्प झाले.

"गॅसची लाइन गळून राहिली म्हणते. दुरुस्तीले बलावलं."

"कोणता गॅस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी एसटीला चाकं कशाला असतात असं विचारलंय. "अमोनिया. थंडं कायनं करतीन? बरफाच्या कारखान्यात राहते, तोच. मुतावानी वास येते त्याचा."

मी त्याला सोडलं नाही. तो जास्त गळाला तर काय होतं, माणसानं काय करायचं, सगळं विचारून घेतलं. तो घाईत होता, तुटक तुटक बोलत होता. डोळे जाळतो, छाती जाळतो, जास्त झाला तर जीव जातो. नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं, पाण्यात तो विरतो. घरात कोंडून बसायचं नाही, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं दूर निघायचं. एवढं सांगून तो म्हणाला, "आता तं बस सांगा." मी बस सांगितली, आणि कुठे उतरायचं, कोणत्या बाजूनं वळायचं हेही सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर पाटा आडवा केला. भिवापुरी मिरच्या भाजल्या, लसूण घातला, मीठ घातलं, आणि ठेचा वाटून बाईंच्या पानात वाढला. त्या घाबरल्या. "डॉक्टरनं नाही म्हटलं ना वं?" मी म्हटलं, बाई, डॉक्टर चुकला, मिरचीचा काही दोष नाही, तुम्ही खा. त्यांनी बोटाच्या टोकावर इतकुसा घेतला. मग अजून घेतला. मग भाकरीच मोडून त्यात बुडवली. खोकला आला नाही. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. "फुकट बदनाम केलं वं माह्या मिरचीले," त्या म्हणाल्या. त्या रात्री आमच्या घरात सगळे पोटभर जेवले, आणि यजमानांनी भाकरी मागून घेतली. माझ्या संसारातल्या चांगल्या जेवणांपैकी ते एक.

दुसऱ्या दिवशी मी परत फाटकावर. या वेळी मी 'अमोनिया' म्हटल्याबरोबर मॅनेजरचा चेहरा बदलला. त्यानं मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "तुम्हाले कोणी सांगतलं?" हा त्याचा पहिला प्रश्न. तेवढंच त्याला हवं होतं.

मी म्हटलं, लोकांना सांगा. भिंतीवर लिहा. लघवीचं लिहिता येतं तर हे का नाही?

"लोक घाबरतीन, मॅडम."

"घाबरले तर काय बिघडतं?"

"उगाच पॅनिक होईन. आणि ही कंपनीची आतली बाब आहे, बाहेरच्यांले नाही सांगता येत."

लोक घाबरतील! हे वाक्य मी नंतर इतक्या तोंडून ऐकलं की मला ते म्हणणाऱ्याचं नाक धरून त्याला परसात उभं करावंसं वाटायचं. आम्ही खोकत होतो ते चालत होतं. आम्ही एकमेकांवर मुतण्याचे आळ घेत होतो ते चालत होतं. म्हातारी वर्षानुवर्षं बिनमिरचीचं खात होती ते चालत होतं. फक्त आम्ही घाबरायचं नव्हतं.

कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीतही मी एक सुट्टी घालवली. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की कारखान्याची माहिती बाहेरच्या व्यक्तीला देता येत नाही, तसा नियम आहे. मी म्हटलं, साहेब, त्यांची भिंत ती आमची भिंत, मी बाहेरची कशी? ते म्हणाले, तुम्ही आत कामाला आहात का? नाही ना? मग बाहेरच्याच. भोपाळ अजून व्हायचं होतं. ते झाल्यावर मग नियम बदलले, कागदावर का होईना सांगणं बंधनकारक झालं. आमच्या वेळी बाहेरच्यानं बाहेरच राहायचं आणि वास तेवढा आत घ्यायचा.

कोणीच सांगत नाही, आणि मेकॅनिक येऊन गेला तरी वास जात नाही म्हटल्यावर मी स्वतः सांगायचं ठरवलं. माझा गळा स्टँडवरचा. सकाळी नळावर सगळ्या बाया जमल्या होत्या, तिथे मी उभी राहिले आणि गाडीची घोषणा करावी तसं सांगितलं, "नीट ऐका. तो ठसका मिरचीचा नाही. तो वास लघवीचा नाही. त्या कोल्डिश्टोरमध्ये अमोनिया आहे. तो गळून राहिला आहे." पुढे ओल्या फडक्याचं सांगितलं, दूर निघून जायचं सांगितलं. बायांनी नीट ऐकून घेतलं, माना डोलावल्या, हंडे उचलले आणि गेल्या. मला वाटलं, झालं काम.

संध्याकाळी डेपोतून परत येते तर शेजारची मावशी दारात वाट बघत उभी. फार मायाळू बाई. माझ्या आजारपणात हिनंच रात्री जागवल्या होत्या. म्हणाली, "बरं झालं तू सांगतलं वं. मले पहिलेच वाटत होतं, एवढ्या थंड्या जागेपाशी राहून छातीत सर्दी नाही बसीन तं काय होईन?"

"कसली सर्दी?"

"निमोनिया वं! तूच तं म्हटलं, कोल्डिश्टोरमध्ये निमोनिया आहे. तो गळून राहिला."

मी डोक्याला हात लावला. मावशी, निमोनिया नाही, अमोनिया. ती म्हणाली, तेच तं. मी म्हटलं तेच नाही, हा वेगळा, हा गॅस आहे. ती म्हणाली, हो ना, निमोनियाचा गॅस. आणि तिचंही काय चुकलं? निमोनिया सगळ्यांना माहीत होता. निमोनियानं पोरं गेली होती, म्हातारी माणसं गेली होती. निमोनिया थंडीनं होतो, कोल्ड स्टोरेज थंड असतं, भिंतीपाशी राहणारे खोकतात. सगळं कसं चपखल बसत होतं. माझाच अमोनिया कुठे बसत नव्हता. तो शब्द वस्तीनं कधी ऐकला नव्हता. ज्यांना माहीत होता त्यांनी तो उच्चारायचा नाही असं ठरवलं होतं, मग लोकांनी आपल्या घरातला ओळखीचा शब्द त्या जागी बसवला. पेशवाईत ध चा मा झाला, तो कोणीतरी मुद्दाम केला होता म्हणतात. आमच्याकडे अ चा नि झाला, तो कोणी केला नाही. तो आपसूक झाला, आणि मग रोज मी तो दुरुस्त करायची आणि रोज तो परत व्हायचा.

उन्हाळा लागला तरी भिंतीलगतच्या घरांतली पोरं माकडटोप्या घालून फिरत होती. नागपूरच्या उन्हाळ्यात! कूलर लावायला बायांनी बंदी केली. संध्याकाळी वास आला की धडाधड दारंखिडक्या बंद, शेगडीवर ओवा टाकून धूर, छातीला गरम तेल. त्या मेकॅनिकनं सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी ओल्या फडक्याचं नाव काढलं की अंगावर यायच्या. निमोनियात ओलं? जीव घेतं काय कोनाचा?

एका सकाळी मी कोळसा घेतला आणि लघवीच्या सूचनेशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सावधान. आत अमोनिया गॅस आहे. नाकाला ओलं फडकं लावा.' डेपोत जाऊन परत येते तर कोणीतरी सुशिक्षित माणसानं माझं शुद्धलेखन सुधारलं होतं. 'अ' वर काट मारून 'नि' केला होता. 'ओलं' खोडून 'गरम' लिहिलं होतं. मी तिथेच रस्त्यात उभी राहून ओरडले. शिंपी तेवढा बाहेर आला, त्यानं वाचलं आणि आत गेला. दोन दिवसांनी कोल्ड स्टोरेजच्या माणसांनी त्यावर चुना फासला, लघवीची सूचना तेवढी राहू दिली.

बाईंना मी रोज समजावायची. त्या माझं ऐकायच्या, कारण मी त्यांची मिरची परत दिली होती. पण निमोनियाची भीती त्यांना पक्की होती. त्यांचा एक मुलगा, यजमानांचा थोरला भाऊ, लहानपणी निमोनियानंच गेला होता. एकदा मी फडकं भिजवून त्यांना दाखवलं, असं धरायचं म्हणून. त्यांनी ते हातात घेतलं, पिळलं आणि वाळत घातलं.

मे महिन्यात ते झालं. माझी सकाळची ड्यूटी होती. दुपारी सिटी बसमधून नाक्यावर उतरले आणि पहिल्या श्वासालाच घसा मिटला. गल्लीतून माणसं खोकत, डोळे चोळत निघत होती. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवरून पांढरं धुरकट काहीतरी आमच्या परसात उतरत होतं. भर उन्हात ते धुक्यासारखं दिसत होतं. फाटकाला कुलूप होतं, आतले कामगार मागच्या बाजूनं निघून गेले होते. त्यांना ठाऊक होतं कुठे जायचं ते. मी नाक्यावरच्या पाणपोईच्या रांजणात पदर बुडवला, तोंडावर धरला आणि घराकडे पळाले.

दार आतून बंद. खिडक्या बंद. मी दारावर लाथा घातल्या तेव्हा मावशीनं कडी काढली. ती बाईंना एकटं सोडून गेली नव्हती. सगळी गल्ली पळत असताना ती आमच्या घरात येऊन बसली होती. बाईंच्या अंगावर दोन वाकळा, डोक्याला मफलर, खाटेखाली शेगडी, शेगडीवर ओवा. खोलीत धूर, त्यात तो वास, डोळे उघडता येत नव्हते. मावशी स्वतः खोकून खोकून लाल झाली होती आणि तरी बाईंच्या छातीला तेल चोळत होती.

मी वाकळा फेकल्या. माठावरचा टॉवेल बुडवला आणि बाईंच्या तोंडावर धरला. बाईंनी दोन्ही हातांनी तो ढकलला. "थंडं नको लावू वं," त्या म्हणाल्या, श्वास घेता येत नव्हता तरी म्हणाल्या, "निमोनिया होईन." मावशी माझा हात ओढायला लागली. "मारतं काय वं म्हातारीले?" त्या खोलीत आम्ही दोघी बाया एका ओल्या टॉवेलसाठी झोंबत होतो. दोघींनाही बाईंना वाचवायचंच होतं. शेवटी मी मावशीला ढकललं, बाईंना खांद्यावर घेतलं आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं गल्लीबाहेर काढलं. मावशी आमच्यामागे खोकत खोकत आली. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली मी बाईंना टेकवलं, तेव्हा त्यांचे ओठ निळे होते. पोचायला मला उशीर झाला होता.

मावशी आणि बाकीचे थोड्या दिवसांत बरे झाले. बाई दवाखान्यातून परत आल्या नाहीत. गॅसनं श्वासनळी आणि फुप्फुसं आतून भाजली होती, असं तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला सांगितलं. भाजलेल्या जागी मग जंतू शिरले, ताप चढला. शेवटच्या दिवशी ते बाहेर आले, यजमान समोर उभे होते, त्यांना म्हणाले, "न्यूमोनिया झाला होता. आम्ही पुष्कळ प्रयत्न केला." मी म्हटलं, डॉक्टर, गॅसचं सांगा ना, मला सांगितलं तसं त्यांनाही सांगा. ते म्हणाले, सुरुवात त्यानं झाली, बाई, पण शेवटी न्यूमोनियाच. आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

घरी माणसं बसायला आली. सगळी वस्ती आली. शिंपीसुद्धा आला, इतक्या वर्षांनी. चौथ्या की पाचव्या दिवशी मॅनेजर आला. पांढरे कपडे घालून, हात जोडून आला आणि सतरंजीवर यजमानांशेजारी बसला. मग त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

यजमान साधे. खोटं त्यांना येत नाही. ते म्हणाले, "निमोनिया."

मॅनेजरनं एक मोठा श्वास सोडला. "वाईट रोग आहे," तो म्हणाला. "त्या वयात निमोनियापुढं कोनाचं काही चालत नाही."

मी उठले. मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्याआधी मावशी बोलली. ती माझ्या बाजूनं बोलत होती, रडत बोलत होती, मॅनेजरला सुनावत होती. "काहून नाही चालत? ह्या पोरीनं साऱ्या वस्तीले सांगतलं होतं. नळावर उभी राहून सांगतलं होतं. भिंतीवर लिहिलं होतं. कोल्डिश्टोरमध्ये निमोनिया आहे म्हणून ओरडू ओरडू गळा फोडला हिनं. आमीच नाही ऐकलं!"

सगळ्या खोलीनं माना डोलावल्या. हो, हो, सूनबाई कधीची सांगून राहिली होती. शिंपी म्हणाला, मी स्वतः भिंतीवर वाचलं. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मॅनेजर खाली बघत होता, आणि मला दिसलं की तो चेहऱ्यावर काही येऊ नये म्हणून धडपडतोय. मी ओरडले, निमोनिया नाही, अमोनिया, अमोनिया! मावशीनं मला छातीशी घेतलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तेच वं माय. तेच तं सांगून राहिली मी."